तांबड्या थरावरचे पाणी

गोदावरीच्या जन्माची कथा दुष्काळापासून सुरू होते. पाऊस नाही, ऋषी रानोमाळ झालेले आणि गौतम वरुणाची आराधना करत बसलेला. वरुण प्रसन्न होतो, पण पाऊस पाडणे आपल्या हाती नाही म्हणतो. त्याऐवजी तू एक खड्डा खण, त्यातले पाणी कधी आटणार नाही, असा वर देतो. गौतम हातभर खणतो. पुढची गाय, गोहत्येचे पाप, शंकराची जटा आणि कुश फिरवून अडवलेला प्रवाह सगळ्यांना पाठ आहे. त्या हातभर खड्ड्याकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. ही कथा रचणाऱ्याची ब्रह्मगिरीशी चांगली ओळख असावी, असा माझा संशय त्या खड्ड्यामुळेच आहे. सह्याद्रीच्या अंगावर जागा बरोबर साधली तर थोडे खणूनही पाणी लागते आणि जागा चुकली तर पैसा जातो, घाम जातो, विहीर कोरडीच राहते.

त्र्यंबकेश्वराच्या पाठीशी उभा असलेला हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे १२९५ मीटर उंच आहे. त्र्यंबक परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून तीस किलोमीटर पूर्वेला, नाशकात, तो सातशेवर येतो. इथे उगम पावणारी गोदावरी १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. याच डोंगररांगेत उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला तोंड करून अरबी समुद्र गाठते आणि वाटेत मुंबईची तहान भागवते. दोन समुद्रांना पाणी पुरवणाऱ्या या रांगेतल्या वाड्यांवर होळी झाली की बायका हंडे घेऊन झऱ्याशी बसतात. वाटीवाटीने पाणी भरतात. या विसंगतीचे उत्तर दगडात आहे. तो दगड वाचायला माणसाला बराच काळ लागला, आणि वाचून झाल्यावरही आपण सगळीच पाने उलटली असे नाही.

गोदावरी इथे लपंडाव खेळते. माथ्यावर ती दिसते, मग नाहीशी होते, कड्याच्या पोटात गंगाद्वारापाशी ठिबकते, पुन्हा नाहीशी होऊन गावात कुशावर्तात प्रकटते. तिथून परत गुप्त होते आणि काही कोसांवर बेझ्याजवळ, चक्रतीर्थाला, खऱ्या अर्थाने नदी म्हणून वाहू लागते. भाविकांची ही भाषा भूजलाच्या अभ्यासकांनाही जवळजवळ जशीच्या तशी चालेल. ब्रह्मगिरी म्हणजे लाव्ह्याच्या थरांची उतरंड. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट काळा पाषाण, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. विहीर खणणारे या दुसऱ्या प्रकाराला मांजऱ्या म्हणतात. दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ गेला असेल, तर आधीच्या थराचा माथा कुजून माती होते, तिच्यावर राख बसते आणि वरून पुढचा लाव्हा आला की ती भाजून तांबडी होते. कड्यावर दुरून दिसणारा विटकरी पट्टा तो हाच. पावसाचे पाणी भेगांतून आणि मांजऱ्यातून खाली उतरते, या चिकट तांबड्या थरापाशी किंवा घट्ट पाषाणापाशी अडते आणि आडवे सरकत कड्याच्या तोंडाशी बाहेर पडते. तोच झरा. पण वरचा साठा तुटपुंजा आणि उतार उभा. पावसाचे बहुतेक पाणी आत शिरण्याआधीच कड्यावरून उडी घेते. आत शिरलेलेही फार काळ टिकत नाही, वैशाखापर्यंत झऱ्याची करंगळीएवढी धार उरली तरी पुष्कळ.

हे आज एका परिच्छेदात सांगता येते. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली त्र्यंबकेश्वराच्या आजच्या देवळाचे काम काढले, तेव्हा ते कोणी लिहून ठेवलेले नव्हते. देवळाला एकतीस वर्षे लागली, १७८६ साली ते पुरे झाले. त्याच शतकात कुशावर्ताचे बांधीव कुंड उभे राहिले. या कामांवरच्या पाथरवटांना भूशास्त्र हा शब्द ठाऊक नसला, तरी कोणता थर देवळाच्या कोरीव कामाला घ्यायचा आणि कोणता पायातही घालायचा नाही हे त्यांना कळत होते. त्यांच्याही फार आधी ब्रह्मगिरीवरच्या त्र्यंबकगडावर टाकी खोदणाऱ्यांना तर याहून अवघड निवड करावी लागली असणार. टाके पोकळ मांजऱ्यात खोदले तर ते गळते, निव्वळ घट्ट पाषाणात खोदले तर भरायला पाऊस सोडून काही नाही. कातळाच्या पायऱ्या, कातळाचे दरवाजे, कातळातली टाकी, ही त्या लोकांची वही. तिच्यात मजकूर भरपूर आहे, सही कोणाचीच नाही.

एप्रिल १८१८ मध्ये कर्नल मॅक्डॉवेलच्या फौजेने त्र्यंबकगड घेतला. गडाचा खरा तट म्हणजे त्याचा कडा, आणि कडा म्हणजे घट्ट पाषाणाच्या जाड थराची तुटलेली कड. मधला मऊ थर झिजत जातो, त्याच्यावरचा पाषाण आधार सुटून उभा तुटतो, म्हणून सह्याद्रीचे कडे इतके सरळसोट. सैन्याला ते अडचणीचे वाटले. त्यांच्या मागून आलेल्या एका माणसाला मात्र त्या कड्यांची भुरळ पडली.

विल्यम हेन्री साइक्स हा पेशव्यांविरुद्धच्या १८१७-१८च्या लढायांत लढलेला लष्करी अधिकारी. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२४ साली त्याला मुंबई इलाख्याचा सांख्यिकी अधिकारी नेमले. काम होते गावे, माणसे, जमीन, पिके मोजण्याचे. साइक्स पक्षी मोजू लागला, मासे मोजू लागला, हवेचा दाब मोजू लागला आणि दगडांचे थरही. सरकारने १८२९ मध्ये पदच रद्द केले, तरी हातातले काम अर्धवट टाकायचे नाही म्हणून तो १८३१ पर्यंत करत राहिला. सरकारी नोकरीत असली माणसे दर पिढीत एखाददुसरीच निघतात आणि त्यांचे वरिष्ठ त्यांच्यावर कधीच खूश नसतात. साइक्सचा दख्खनच्या भूरचनेवरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे १८३३ साली आला. शेकडो मैल पसरलेले, जवळजवळ आडवे काळे थर आणि त्यांच्यामधून जाणारे लोहयुक्त तांबड्या मातीचे पट्टे त्याने टिपले होते. आपल्या डोंगरांचे कोडे युरोपच्या टेबलावर मांडले गेले ते असे.

कोडे असे होते: एवढा लाव्हा आला कुठून आणि केव्हा? पहिल्या प्रश्नाला ज्वालामुखीचा शंकू हवा, तो तर कुठेच दिसेना. दुसऱ्याला जीवाश्म हवेत आणि वितळलेल्या दगडात जीवाश्म कुठून असणार? ते सापडले दोन थरांच्या मधल्या गाळात, आणि त्यांचा मोठा संग्राहक निघाला नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप. गोगलगायींच्या शंखांवरून त्याने दख्खनच्या लाव्ह्याचे वय तुलनेने अलीकडचे ठरवले. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पूर आलेल्या पाण्यात तो बुडाला. दख्खनच्या भूशास्त्राच्या इतिहासात पूर हा असा पहिल्यापासून आहे, नुसता अभ्यासाचा विषय म्हणून नव्हे.

तोवर रेल्वे घाट चढू लागली होती. कसाऱ्याहून इगतपुरीला जाणारा थळ घाट १८६५ साली रुळांखाली आला. त्यासाठी फोडलेल्या कातळात आणि बोगद्यांत थरांची अंतर्रचना उघडी पडली. या भागात भूशास्त्र नेहमीच दुसऱ्या कोणाच्या तरी सुरुंगामागून चालत आलेले आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा विल्यम ब्लॅनफर्ड त्या दशकात पश्चिम आणि मध्य भारत पायाखाली घालत होता. १८६७च्या त्याच्या दीर्घ लेखाने बऱ्याच गोष्टी मार्गी लावल्या. हा लाव्हा समुद्राखाली नव्हे, जमिनीवर पसरला. थर एकामागून एक आले, मध्ये तळी साचली, झाडे वाढली. वयाबाबत त्याचा कल हिस्लॉपच्या विरुद्ध, जुन्या काळाकडे होता. हा वाद पुढे शंभर वर्षांहून अधिक चालला.

या सगळ्या काळात त्र्यंबकचे पाणी कोणी मोजले का? यात्रेच्या निमित्ताने कुशावर्ताचे पाणी इंग्रजी अंमलात चर्चेत येत असे, ते पटकीच्या भीतीने. डोंगरातल्या पाण्याचा प्रश्न नदी खाली उतरून शेतीच्या कामाला लागल्यावरच सरकारला पडला. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आणि दारणा धरण विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतले. स्वातंत्र्याच्या आगेमागे नाशिकजवळ गंगापूर धरणाचे काम सुरू झाले, आणि इथे गोष्ट पुन्हा दगडापाशी येते.

धरणाच्या जागेजवळ, गंगावाडीच्या नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या थरात, डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांना आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली. त्यांचा गोदावरीच्या पुराश्मयुगीन हत्यारांवरचा ग्रंथ १९५२ साली निघाला. तोपर्यंत दख्खनच्या या भागात अश्मयुगीन माणूस राहिलाच नसावा, असे मानणारे पुष्कळ होते. सांकलियांच्या हाती लागलेले गोटे आणि गाळ हे जुन्या नदीचे दप्तरही होते. पात्र कधी भरत गेले, कधी कोरत गेले, पाऊसमान केव्हा बदलले, हे त्यावरून वाचता येते. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू यांनी पुढे ते वाचन कितीतरी बारकाईने केले. मला गंमत वाटते ती योगायोगाची. एक खाते त्याच काठावर पुढच्या शंभर वर्षांचे पाणी साठवण्याचा हिशेब मांडत होते आणि दुसरी संस्था हजारो वर्षे मागचे पाणी कसे वाहिले ते शोधत होती. दोघांनी एकमेकांच्या वह्या किती पाहिल्या, देव जाणे.

गंगापूर हे महाराष्ट्रातल्या मातीच्या मोठ्या धरणांतले सुरुवातीचे धरण. लांबी पावणेचार किलोमीटरच्या पुढे, उंची छत्तीस मीटरच्या वर. मातीचे धरण बांधायचे तर मातीचे शास्त्र हवे: कोणती माती पाणी अडवते, कोणती पाझरते, किती ओलीवर किती दाबायची. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नाशिककरांची ‘मेरी’, १९५९ साली नाशकात सुरू झाली, तिच्या प्रयोगशाळांत हेच प्रश्न आले. धरणांच्या माती-काँक्रीटच्या चाचण्यांपासून जलाशयांत किती गाळ बसला याच्या पाहणीपर्यंत कामे तिथे होत आली. गंगापूरचा आकडा बोलका आहे. मूळ साठवण सात टीएमसीच्या पुढची, आज ती साडेपाचच्या थोडी वर धरतात. मधला फरक म्हणजे गाळ, आणि गाळ म्हणजे त्र्यंबकच्या उतारांवरून निसटलेली माती. झाडी गेली, मातीही गेली. जी माती डोंगरावर राहून पाणी धरायची ती धरणात बसून पाण्याची जागा अडवते आहे.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर हादरले. दख्खनचे पठार अढळ आहे, हा तोवरचा पाठ. तो त्या काही सेकंदांत खोटा ठरला, भूकंप सहाहून अधिक तीव्रतेचा होता आणि पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. धरणाच्या जलाशयाचा भूकंपाशी असलेला संबंध जगभर अभ्यासला जाऊ लागला तो प्रामुख्याने कोयनेपासून. कोयना त्र्यंबकपासून दूर आहे, पण दगड तोच. पुढे शास्त्रज्ञांनी कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल वेध घेतला, तेव्हा लाव्ह्याचे थर सव्वा किलोमीटरच्या आसपास संपले आणि खाली थेट जुना ग्रॅनाइट लागला. महाराष्ट्राच्या पायाखाली काय आहे हे त्या नळीएवढ्या भोकातून डोळ्यांनी दिसले. धरणांच्या परिसरात भूकंपमापक यंत्रे बसवणे हे यानंतर चैनीचे काम राहिले नाही. मेरीच्या कामातही त्याची भर पडली.

१९७२चा दुष्काळ आठवणारी माणसे अजून आहेत. खडी फोडणे, सुकडी, रोजगार हमी आणि पाझर तलाव. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा याच सुमाराची. विहिरीची जागा पायाळू माणूस दाखवणार की भूवैज्ञानिक, हा प्रश्न गावोगाव उभा राहिला. पाझर तलावाच्या कल्पनेला वजन आले ते याच दिवसांत. पण एक गोष्ट अनुभवाने शिकावी लागली. तलावाचा तळ मांजऱ्यावर आला तर खालच्या विहिरी भरतात, घट्ट पाषाणावर किंवा तांबड्या थरावर आला तर पाणी उन्हात वाळून जाते. साइक्सने टिपलेला पट्टा दीडशे वर्षांनी रोहयोच्या कामावर असा उपयोगी पडला. जिथे कोणी पाहिला नाही तिथे नडला.

वयाचा वाद सुटला तो विसाव्या शतकाच्या शेवटी, आणि तोही घाटातच. डायनोसॉर लयाला गेले ते उल्कापाताने, असे १९८०मध्ये अमेरिकेत मांडले गेले. १९८६ साली फ्रेंच भूशास्त्रज्ञ व्हिन्सेंट कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी दख्खनचा लाव्हाही बरोबर त्याच काळातला असल्याचे दाखवले, म्हणजे आरोपी दोन झाले. त्याच वर्षी आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव, अमेरिकेचे पीटर हूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या थरांची रासायनिक ओळखपत्रे तयार केली. दुरून सगळे काळे, सारखे दिसणारे थर रसायनाने वेगळे ओळखता येऊ लागले. सगळ्यात खालच्या दोन गटांना नावे मिळाली जव्हार आणि इगतपुरी. त्र्यंबकहून पश्चिमेला आणि दक्षिणेला निघालेली एसटी ज्या गावांना जाते ती ही गावे, आज जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहेत.

आता तांबड्या थराची दुसरी कामगिरी. बेसॉल्टमध्ये अचूक कालमापनाला लागणारे झिरकॉनचे स्फटिक सहसा मिळत नाहीत. प्रिन्स्टनचे ब्लेअर शोइन यांच्या गटाने, ज्यात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खादरीही होते, ते स्फटिक शोधले तांबड्या थरांत, दोन उद्रेकांच्या मध्ये येऊन बसलेल्या राखेत. २०१५ साली त्यांनी जाहीर केले की मुख्य उद्रेक डायनोसॉरांच्या विनाशाआधी सुमारे अडीच लाख वर्षे सुरू झाले आणि साधारण साडेसात लाख वर्षांत दहा लाखांहून अधिक घन किलोमीटर लाव्हा ओतला गेला. बर्कलीच्या गटाने वेगळ्या पद्धतीने मोजून यातल्या काही भागाशी २०१९मध्ये मतभेद नोंदवला, लाव्ह्याचा मोठा हिस्सा विनाशानंतरचा ठरवला. भांडण आहे ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या हजारो वर्षांवरून. मोजणीची ही बारकाई पाहून खरोखर टोपी काढावीशी वाटते.

आणि मग मेटघर किल्ला आठवतो. ब्रह्मगिरीच्या अंगावरच्या या वाड्या म्हणजे गडाची जुनी मेटे, पहारेकऱ्यांची ठाणी. उन्हाळ्यात इथल्या बायका विहिरीच्या कपारीतून खाली उतरून तळातले पाणी भरतात, हे चित्र अलीकडे देशभर गाजले. ज्या दगडाचे वय आपण इतके नेमके सांगतो, त्याच दगडातला झरा चैत्रात मिनिटाला किती लिटर देतो हे वर्षानुवर्षे नोंदलेली वही मिळणे अवघड. माझ्या मते हा शास्त्राचा कमीपणा नाही, गिऱ्हाइकाचा प्रश्न आहे. डायनोसॉर कशाने मेले हे जगाला हवे होते, धरणात किती पाणी आले हे नाशिक-मराठवाड्याला हवे होते, वैतरणेत किती आले हे मुंबईला. १९७३ साली उभे राहिलेले अप्पर वैतरणा धरण असो की बेझ्याचे गौतमी-गोदावरी, पाणी मोजले जाते ते जिथून ते दुसऱ्या कोणाला द्यायचे असते तिथे. त्र्यंबक शहर स्वतः आज अंबोली, अहिल्या आणि गौतमी धरणांवर भागवते, यांतले गौतमी तर नदीच्या खालच्या अंगाला. उगमाच्या गावाला नदीचे पाणी उलटे चढवून आणावे लागते!

गावातल्या नदीचे आपण काय केले? कुशावर्ताच्या परिसरात पात्रावर काँक्रीटचा स्लॅब टाकला, वर वर्दळ, खाली गोदावरी. गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, त्र्यंबकचा प्रश्न हरित लवादापर्यंत पोचला. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी यंत्रे लावून उत्खनन सुरू झाले, तेव्हा नाशिकच्या पर्यावरणप्रेमींनी आवाज उठवला आणि प्रशासनाने काम थांबवले. उभ्या उताराच्या डोंगराचा पायथा तोडला की काय होऊ शकते हे सांगायला तेव्हा परदेशी उदाहरण लागत नव्हते. आंबेगाव तालुक्यातले माळीण ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगराखाली गेले होते, दीडशेवर माणसांसकट. तिथेही मुरलेल्या पाण्याने जड झालेली माती पाषाणावरून सुटली. पाणी आडवे सरकवणारी जी थररचना झरा देते, तीच अतिवृष्टीत कडा ढिला करते. त्यामुळे झऱ्यांचा नकाशा आणि दरडींचा नकाशा एकाच कागदावर काढला पाहिजे, असे मला फार दिवस वाटते.

त्र्यंबक तालुक्यातलाच शेंद्रीपाडा. तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडा घेऊन जाणाऱ्या बायकांचे छायाचित्र गाजले, मंत्र्यांनी लक्ष घातले आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल आला. जुलैत पूर आला आणि पूल वाहून गेला. जिथे पिण्याचे पाणी जीव धोक्यात घालून आणावे लागते, तिथेच सहा महिन्यांत नदी पूल उचलून नेते. नाशकात १९६९, २००८ आणि २०१९च्या पुरांची उंची रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजली जाते. तास नदीच्या घळीत असा मारुती नाही. पुलाची उंची ठरवताना कोणत्या पुराची नोंद समोर ठेवली होती, हे विचारायला हवे होते.

देशातल्या झऱ्यांची पहिली गणना केंद्र सरकारने सातव्या लघुसिंचन गणनेबरोबर हाती घेतली आहे, २०२३-२४ हे संदर्भवर्ष धरून. मेटघरच्या वाड्यांपर्यंत गणनेचा फॉर्म घेऊन जाणाऱ्याने सोबत एक लिटरचे माप आणि घड्याळ ठेवावे आणि जायचे ते मे महिन्यात. श्रावणात, तिसऱ्या सोमवारच्या फेरीला, ब्रह्मगिरीवर कुठेही हात लावला तरी पाणीच असते.